थर्मासमधलं रक्त

जबलपूर, ६ एप्रिल

प्रणोती,

हे पत्र बहिणीचं आहे असं समजू नकोस, म्हणजे वाचून होईल. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी तुझ्या प्रयोगासाठी बाही वर केली, त्या सगळ्यांच्या वतीनं लिहिते आहे. चेरीतालच्या गल्ल्यांमधले, महाराजपूरच्या कॉलनीतले, पाटनहून सकाळची बस पकडून उपाशीपोटी आलेले. त्यांत मी आहे, आपला भाऊ सुमेध आहे, आणि तूही आहेस, कारण पहिली नळी तू स्वतःच्याच हातातून भरली होतीस. आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. रक्त घेतलं गेलं, आणि त्यातून काय निघालं ते सांगायला कोणी आलं नाही. अनुदान संपलं, कॉलेजनं खोलीला कुलूप घातलं, तुलाही कोणी विचारलं नाही. तू बंगलोरला निघून गेलीस. बाकीचे इथंच राहिले.

हे मी आपल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून एकदा बोलले आहे. तू तिसऱ्या रांगेतून उठून गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. त्या भाषणातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. पण आज भाषण नाही. माईक समोर आला की पूर्वी अंगात वीज यायची, आता खुर्ची कुठे आहे ते आधी बघते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. सुमेधच्या किडन्या गेल्या हे त्याच्या श्रद्धानं तुला कळवलं आहे. आठवड्यातून तीनदा मी त्याला डायलिसिसला घेऊन जाते. चार तास तो मशीनला, मी बाकावर. पहिल्या वर्षी मी तिथं जाडजूड पुस्तकं वाचून संपवली. आता पुस्तक उघडते आणि समोरच्या भिंतीवरचा पंखा बघत बसते.

श्रद्धाला बापाला किडनी द्यायची आहे. रक्तगट जुळला, तिचं प्रेशर, लघवी, स्कॅन सगळं तपासून झालं, डॉक्टरांनी हो म्हटलं. मेच्या मध्याला प्रत्यारोपणाच्या परवानगीसाठी समितीसमोर जायचं आहे. अडली आहे ती तिची आई, दीपा. आणि ती अडली आहे तुझ्यामुळे.

आठवत नसेल तर आठवण देते. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती, दीपानं साबुदाणा भिजत घातला होता. तू प्रयोगशाळेतून आलीस ती फुललेली. आम्ही विचारलं, एवढं काय मोजतेस गं? तू ते पातेलंच पुढे ओढलंस. म्हणालीस, रक्तात प्लेटलेट नावाच्या चपट्या बारीक चकत्या असतात. त्यांच्या आत आम्ही थोडं आंबट घुसवतो. चकतीच्या भिंतीत एक दार असतं, ते आंबट बाहेर ढकलतं आणि बदल्यात मिठातलं सोडियम आत घेतं. सोडियमच्या मागे पाणी येतं. मग चकती या साबुदाण्यासारखी फुगते, आणि साबुदाण्यासारखीच आरपार दिसायला लागते. आम्ही त्या गढूळ द्रवातून प्रकाश सोडतो. चकत्या फुगल्या की गढूळपणा उतरतो, कागदावरची रेघ उतरते. जितकी भरभर उतरेल तितकं ते दार वेगानं फिरतंय. प्रेशरवाल्या काही घरांमध्ये ते वेगानं फिरतं, ते काहून, एवढं शोधायचं आहे.

इतकं सोपं करून मी चाळीस वर्षांत एकही भाषण केलं नाही. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता.

आणि मग भात कालवता कालवता तू सुमेधला म्हणालीस, "दादा, तुझा वेग सगळ्यांत जास्त वाटला होता मला. पण तुझ्या पोरीनं तुला मागे टाकलं रे."

सुमेध म्हणाला, "चलो, कशात तरी टॉप आली."

सगळे हसले. कोणाचा आकडा कोणाला सांगायचा नाही असा तुमचा नियम होता. बाहेरच्यांसाठी तू तो काटेकोर पाळलास, घरच्यांना मात्र आकडा वरणभातासोबत वाढून टाकलास. तेव्हा सुमेध धडधाकट होता, म्हणून ती थट्टा होती. आता ती दीपाच्या लेखी पत्रिका झाली आहे.

परवा ती मला म्हणाली, "ताई, ते दार माझ्या पोरीत पण तसंच फिरून राहिलं आहे. यांचं काय झालं ते पाहून राहिले ना मी. एक देऊन बसली आणि उरलेली पण गेली, तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सगळं पाहिलंय.

"डॉक्टरला त्या दाराचं ठाऊकच नाही. मी विचारलं. म्हणाले, ये टेस्ट हमारे यहाँ नहीं होता."

दीपाला वेडी समजू नकोस. नवरा आणि मुलगी एकाच तराजूत घालायची पाळी तिच्यावर आली आहे, आणि त्यात तुझा आकडा हे एक वजन आहे. ते वजन खरं किती, हे तुला एकटीला माहीत आहे. लिहून कळव. मला नको, तिला.

विनता


जबलपूर, २१ एप्रिल

प्रणोती,

उत्तर नाही. ठीक आहे. युनियनच्या कामात कारखान्याच्या गेटवर स्टुलावर उभी राहून मी मॅनेजमेंटच्या बंद खिडक्यांशी वर्षानुवर्षं बोलले आहे, त्यामुळे उत्तराशिवाय बोलायची सवय आहे.

आता तुझी गरज उरलेली नाही हे सांगायला लिहिते आहे.

तुझ्या विद्यार्थ्यानं, अक्षतनं, गेल्या वर्षी ती खोली पुन्हा उघडली. तुझं यंत्र झाडूनपुसून चालू केलं. चांगला मुलगा आहे, मराठी त्याला समजते सगळी, बोलताना हिंदीत शिरतो आणि ओशाळतो. मी त्याला गाठलं. दीपानं अट घातली होती: "तीच टेस्ट पुन्हा करा. त्यात चांगलं आलं तर मी आडवी येणार नाही." अक्षत आधी नाहीच म्हणाला. "मावशीजी, ये किसी एक आदमी के लिए नहीं होता. हम लोग ग्रुप देखते हैं." मी त्याच्यासमोर बोलले. किती वेळ ते विचारू नकोस. शेवटी म्हणाला, "ठीक आहे, घेऊन या. बस धूप से बचाना."

श्रद्धाला बँकेतून सुट्टी नव्हती, म्हणून कंपाउंडरनं सकाळी महाराजपूरला घरीच रक्त काढलं. पोरगी हात पुढे करून म्हणाली, "आत्या, माझ्या किडनीवर या घरात सगळ्यांचं मत आहे. माझंच कोणी विचारत नाही." ती सज्ञान आहे, सही तिची तिनं केली तर कोणी अडवू शकत नाही. पण आईला रडत ठेवून ती टेबलावर चढणार नाही, हे तिनं स्वच्छ सांगितलंय.

ऊन असं, की ऑटोच्या सीटला हात लावता येत नव्हता. दीपानं नळ्या नीट सांभाळून आणल्या. अक्षत वर्गावर होता, नळ्या अटेंडंटनं घेतल्या. दुपारी आम्हाला आत बोलावलं. मी ते यंत्र पहिल्यांदाच चालताना पाहिलं. तू इतकं वर्णन करायचीस, मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. ते तर शिलाई मशीनपेक्षा लहान.

रेघ उतरलीच नाही, प्रणोती. जराशी झुकली आणि सरळ चालत राहिली, कटंगीच्या रस्त्यासारखी. शेजारी अक्षतनं स्वतःच्या रक्ताची रेघ काढून ठेवली होती, ती घसरगुंडीसारखी. दीपानं दोन्ही पाहिल्या. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही, साबुदाण्याच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

अक्षत कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एक बार और कर लेते हैं, परसों."

दीपा म्हणाली, "काहून? चांगलं आलं तर पुन्हा काहून?"

घरी येऊन तिनं सुमेधला सांगितलं, "मी नाही अडवत आता." सुमेध भिंतीकडे तोंड करून पडून होता. तो तसाच राहिला, फक्त हात मागे करून तिचा पदर धरला. मी गच्चीवर निघून गेले. माझं तिथं काम नव्हतं.

विनता


जबलपूर, २७ एप्रिल

प्रणोती,

अक्षतचा फोन आला, "मावशीजी, आपका थर्मस रह गया है." काल मी तो घ्यायला गेले.

तो थर्मास तुला माहीत नाही. सुमेधच्या अंगात रक्त कमी होतं म्हणून त्याला इंजेक्शन लागतं, ते थंड राहावं लागतं. दीपा दोन वर्षं ते बर्फ घातलेल्या थर्मासमधून पाठवते. कितीही घाई असो, कुलूप लावायचं विसरेल, बर्फ विसरणार नाही. डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे गरम झालं की पाणी समजा. ते तिच्या हाडात बसलंय.

अक्षतनं झाकण उघडून आत पाहिलं. तळाशी पाणी होतं. मला विचारलं, "इसमें क्या लाए थे आप लोग?"

मी म्हटलं, "श्रद्धाचं रक्त."

तो स्टुलावर बसला. मग त्यानं मला सांगितलं, आणि तुझीच उपमा वापरून सांगितलं, म्हणजे तू ती वर्गातही वापरायचीस. बाकी बऱ्याच तपासण्यांचं रक्त बर्फात ठेवलं तर चालतं, प्लेटलेट चालत नाहीत. थंडी लागली की त्या चपट्या राहतच नाहीत, गोल होतात, अंगावर काटे येतात. "मावशीजी, भिजलेला साबुदाणा परत भिजवला, तर किती फुगेल? मैंने तो धूप का बोला था. बर्फ का बोलना चाहिए था. मॅम होतीं तो सबसे पहले वही बोलतीं."

म्हणजे ती रेघ सपाट आली ती श्रद्धाचं दार शांत आहे म्हणून नाही. ज्या चकत्या फुगायला हव्या होत्या, त्या ऑटोतच बिघडून गेल्या होत्या. दीपाच्या मांडीवर, तिच्या काळजीनं.

तो म्हणाला, पुन्हा करू. मी विचारलं, पुन्हा केलं आणि तुझ्यासारखी घसरगुंडी आली तर त्याचा अर्थ काय? तो यंत्राच्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाला, "अर्थ इतकाच, की त्या दिवशी त्या नळीत वेग जास्त होता. इससे कोई नहीं बता सकता कि श्रद्धा की किडनी को क्या होगा. मॅमही नाही सांगू शकणार."

"मग तुझ्या मॅमनं टेबलावर काहून सांगितलं?"

"घर में बोल दिया होगा, मावशीजी. घरी माणूस बोलतो."

प्रणोती, मी घरी आले तर दीपा पेटीतून स्वच्छ चादरी काढून इस्पितळासाठी वेगळ्या ठेवत होती. सुमेधला दोन वर्षं आंबा बंद आहे. तो श्रद्धाला सांगत होता, "ऑपरेशननंतर पहिला लंगडा माझा. तू फक्त कोय चोखायची." ती म्हणाली, "बाबा, किडनी माझी आणि आंबा तुमचा?" असं हसणं त्या घरात मी फार दिवसांनी ऐकलं. मी थर्मास ओट्यावर ठेवला. दीपानं तो लगेच धुऊन उपडा घातला.

मी काहीच बोलले नाही.

माझ्या जागी दुसरं कोणी असतं आणि मी व्यासपीठावर असते, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मी आयुष्यभर कामगारांना एकच सांगत आले: वाचल्याशिवाय सही करू नका, समजल्याशिवाय मान हलवू नका, तुमच्या भल्यासाठी म्हणून कोणी काही लपवत असेल तर तो तुमचा मालक आहे, मित्र नाही. लोक टाळ्या वाजवायचे. आता तीच वाक्यं रात्रंदिवस माझ्याच कानात वाजत आहेत.

दुसरी बाजूही मांडते. डॉक्टरांनी हो म्हटलेलंच आहे. दीपाचा होकार ज्या रेघेवर उभा आहे ती खोटी, पण तिचा नकार ज्या आकड्यावर उभा होता तोही पोकळच. खोट्यानं पोकळ काढलं, हिशोब मिटला, सुमेध वाचला. हे वाक्य लिहून मी तीनदा वाचलं. छान जमलंय, आणि त्याचीच मला भीती वाटते. छान जमलेल्या वाक्यांवर मी आयुष्य काढलं आहे.

समज, ऑपरेशन झालं आणि दहा वर्षांनी श्रद्धाला काही झालं. त्या दिवशी दीपाला कळलं, की मला ठाऊक होतं. किंवा काहीच झालं नाही, तरी मला ठाऊक होतं, हे राहतंच.

मी थकले आहे, प्रणोती. खरं बोलायला इतकं बळ लागतं हे मला माहीत नव्हतं. गर्दीत लागत नाही.

विनता


जबलपूर, ७ मे

प्रणोती,

आज सकाळी दीपाला सांगितलं.

ती ओट्यापाशी उभी राहून ट्रे आपटून बर्फ काढत होती, त्याच थर्माससाठी. मी म्हटलं, "दीपा, त्या दिवशी श्रद्धाच्या नळ्या तू यातच ठेवल्या होत्यास ना?"

"हो ना. उन्हात अंडं शिजलं असतं बाप्पा. काहून?"

मी सांगितलं. अक्षतनं सांगितलं तसं, काही न वगळता. साबुदाण्याशिवाय सांगायचा प्रयत्न केला, पण दुसरी उपमा मला सुचली नाही. तिनं बर्फाचा एक खडा हातात धरून ठेवला होता, तो वितळून कोपरापर्यंत ओघळला तरी तिला कळलं नाही.

"म्हणजे ते मी केलं."

"तू सांभाळून आणलंस."

"तेच म्हणते. मीच केलं." मग म्हणाली, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

मी सांगितलं. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, आवाजाला आवाज देता येतो. ती थर्मास भरत राहिली, झाकण फिरवून घट्ट केलं, आणि मग म्हणाली, "समितीला नाही म्हणून कळवा."

मी बोलायला लागले. अक्षतचं म्हणणं सांगितलं, की आकडा वर असो नाहीतर रेघ सपाट असो, त्यावरून एका माणसाचं काही ठरत नाही. डॉक्टरांनी जे तपासलं तेच खरं तपासणं. अजून शंका असेल तर त्यांच्यापाशी पुन्हा जाऊ, हवं ते विचारू. मुद्देसूद बोलत होते मी, माझं मलाच ऐकू येत होतं. तिनं ओला हात वर केला.

"ताई, थांबा. तुम्ही फार चांगलं बोलता. तुम्ही अजून पाच मिनिटं बोललात ना, तर मी हो म्हणून टाकीन. म्हणूनच मला तुमच्याकडून ऐकायचं नाही आहे."

चाळीस वर्षांत माझ्या भाषणाला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

"आणि त्या अक्षतकडून पण नाही. तो तुम्हाला घाबरतो." ती स्टुलावर बसली. "ज्यांनी सांगितलं त्यांना विचारायचं आहे मला. त्या दिवशी हसून सांगितलं होतं, आता न हसता सांगावं. चांगलं आहे तर चांगलं, वाईट आहे तर वाईट. नाही ठाऊक तर तसं बोलावं. पण प्रणोतीनं बोलावं. मग माझं मी आणि श्रद्धा बसून ठरवू. डॉक्टरला जे विचारायचं ते पण आम्ही दोघी जाऊन विचारू. मध्ये कोणी नको."

मी विचारलं, "मी पण नको?"

"तुम्ही यांना डायलिसिसला घेऊन जा."

सुमेध आतून सगळं ऐकत होता. ऑटोत बसल्यावर त्यानं मला एवढंच म्हटलं, "ताई, बरं केलंस." मी म्हटलं, उशीर केला. तो म्हणाला, "अरे यार, तुझं छोटं वाक्य पहिल्यांदाच ऐकून राहिलो." मग डोळे मिटून घेतले. आता तो मशीनला आहे आणि मी त्या बाकावर हे लिहिते आहे. पंखा फिरतो आहे.

मी तुझ्याकडून माफी मागत नाही, तुला माफही करत नाही. तिसऱ्या रांगेचं आपण पुढे कधी तरी बघू, आयुष्य उरलं तर. आज तुझ्याकडे एवढंच मागायचं आहे, की तुला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग. हे वाक्य माझ्या तोंडून कोणाला खरं वाटणार नाही, कारण मी ते कधी उच्चारलेलंच नाही. तू उच्चारलंस तर दीपा विश्वास ठेवेल. ज्या बाईनं पातेलं पुढे ओढून मला एवढं मोठं शास्त्र समजावलं, तिला दीपाशी बोलायला जड जाऊ नये.

फोन केलास तर ती हो म्हणेल, असं मी म्हणत नाही. ती नाही म्हणू शकते, आणि मग सुमेधचं काय, ते मला दिसतं आहे. तरी चालेल. जे काय ठरेल ते समजून ठरू दे.

स्पीडपोस्टनं हे तुला शनिवारपर्यंत मिळेल. समिती गुरुवारी आहे, तोवर समितीला काही कळवू नकोस, एवढं मी दीपाकडून मागून घेतलं आहे. मंगळवारी दुपारी मी आणि सुमेध चार तास इथं असू. श्रद्धानं त्या दिवशी रजा टाकली आहे. घरात फक्त दोघी असतील, मागून बोलणारं कोणी नसेल. दीपाचा नंबर बदललेला नाही.

मंगळवारी दुपारी तिला फोन कर.

विनता